सायकलवर लोणार

प्रवासात चार रकात फर्ज नमाजच्या दोनच रकाती पढायच्या, हा कसरचा मसला आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असतो. पण तो एसटीने नाहीतर रेल्वेने जाणाऱ्यांसाठी आहे, अशी उगीचच एक समजूत असते. सायकलवर जाणाऱ्यालाही कसर आहे का, असं माझ्या मुलाने मला डिसेंबरात विचारलं. हनफी फिकहप्रमाणे अंतर अठ्ठेचाळीस मैल, म्हणजे साधारण ७७ किलोमीटर धरतात. वाहन कोणतं, याला महत्त्व नाही. हा मसला ठरला तेव्हा लोक उंटावर आणि पायीच तर जात होते. मानवतहून सेलू, मंठा, तळणी करत लोणार आमच्या मीटरवर ९८ किलोमीटर भरलं. गावाची वेस ओलांडली की आपण मुसाफिर, असं मी त्याला सांगितलं. तो खूश झाला. दोन रकाती कमी झाल्या म्हणून की मुसाफिर म्हटलं म्हणून, ते मला कळलं नाही.

लोणारची टूम त्याचीच. तो अकरावीत आहे आणि अभ्यासातून डोकं वर काढलं की अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मोआब नावाच्या गावाचे व्हिडिओ पाहतो. लाल वाळूच्या दगडाचे उघडे कडे, खोल दऱ्या, ओसाड मुलूख, आणि जाड टायरच्या सायकली घेऊन शनिवार-रविवार तिथे घालवणारी माणसं. तिथली व्हाइट रिम नावाची एक वाट शंभर मैलांची आहे. "अब्बा, अपने इधर ऐसा कुछ नहीं क्या?"

आपल्याकडे वाळवंट नाही आणि लाल दऱ्याही नाहीत. पण मंठ्याच्या पुढे पूर्णा ओलांडून बुलढाण्याच्या अंगाला चढलं की काळी माती पातळ होत जाते, खडक उघडा पडतो, ओढ्यांच्या कोरड्या घळी लागतात. आणि शेवटी जमिनीत असा एक खड्डा येतो की तो ॲरिझोनातल्या जगप्रसिद्ध उल्काविवरापेक्षा रुंद आहे. मी म्हटलं, चल.

आम्ही चौघे निघालो. मी, मुलगा, त्याचा वर्गातला एक मित्र आणि आमच्या शाळेतले भूगोलाचे सर. मुलाची आणि मित्राची गिअरची सायकल, सरांची शहरी थाटाची. माझी मात्र जुनी ॲटलास. ॲटलासचा शेवटचा चालू कारखाना २०२० साली नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला, पण त्यांच्या सायकली अजून मरत नाहीत. तिला नवे टायर-ट्यूब अब्बांनी घातले आणि निघताना एक कापडी पिशवी हँडलला अडकवली. आत पंप, दोन पाने, पॉलिश पेपरचा तुकडा, सोल्युशनची ट्यूब आणि जुन्या ट्यूबमधून कापलेली पाच ठिगळं. "काटा निकाले बिगर ट्यूब नक्को डालना," एवढंच म्हणाले.

माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान आहे. मी शाळेत असताना ते तासाच्या भाड्याने सायकली द्यायचे. वहीत नाव आणि वेळ लिहायची, अनामत म्हणून कुणी घड्याळ ठेवायचं. भाड्याच्या सायकली गेल्या, आता पंक्चर, ब्रेक, चाकाचा आउट काढणं एवढंच काम उरलं आहे. त्याच पैशावर मी परभणीला राहून बी.एड. केलं.

हे सगळं मला लिहायला काही वाटत नाही. मुलाला मात्र वाटतं. गेल्या वर्षी त्याच्या वर्गातल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक चित्र टाकलं. टोपी घातलेला माणूस टायर काढतोय, आणि खाली एक ओळ. ती ओळ इथे देत नाही. वाचकांनी तशा पुष्कळ पाहिल्या असतील. 'पंक्चरवाला' हा शब्द एका धंद्याचं नाव होता, तो बघता बघता आपल्या समाजासाठी शिवीसारखा वापरला जाऊ लागला. चित्र टाकणाऱ्याला मुलाच्या दादांचं दुकान ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे. मुलगा ग्रुपमधून बाहेर पडला आणि त्या दिवसापासून दुकानाच्या गल्लीतून जायचं सोडलं. लहानपणी तिथेच पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायचा, दहा वर्षांचा होता तेव्हा दादांच्या बरोबरीने ठिगळ लावायचा. आता मागच्या गल्लीने वळसा घालून ट्यूशनला जातो, हे मला त्याच्या अम्मीने सांगितलं.

मी मास्तर माणूस. मास्तर जे करतो तेच केलं, समजावून सांगितलं. हजरत दाऊद अलैहिस्सलाम पैगंबरही होते आणि बादशाहही, तरी स्वतःच्या हाताच्या कमाईचं खात. हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतारकाम करत. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अब्बा, वो सब सही है. पर तुम तो मास्टर बन गए ना."

याच्यावर मला बोलता आलं नाही. आजही येत नाही.

तर शनिवारी, मी एक किरकोळ रजा टाकून, फज्रनंतर सव्वासहाला निघालो. थंडी अशी की ब्रेकवर बोटं वाकत नव्हती. मानवत कापसाची बाजारपेठ, त्यामुळे पहिले काही किलोमीटर समोरून कापसाची वाहनं. त्यांच्या मागे उडणारी सरकी-पात्रा तोंडात जाते. पुढे दोन्ही बाजूंना ज्वारी आणि हरभरा, मध्येच तुरीची कापणी. दुधना ओलांडली, सेलूला चहा-पोहे झाले, मंठ्यात पोचलो तेव्हा जोहरची वेळ झाली होती. आम्ही दोघे मशिदीत गेलो, सर आणि मित्र सायकलींपाशी थांबले. जमात होऊन गेली होती, म्हणून आमच्या आम्ही दोन रकाती पढून बाहेर आलो. मित्र म्हणाला, "एवढ्या लवकर?" मुलगा म्हणाला, "प्रवासात हाफ डे असतो." मी हसू दाबलं. फिकहच्या किताबांत ही व्याख्या सापडणार नाही, पण चुकीचीही म्हणता येणार नाही.

मंठ्याच्या पुढे सरांच्या मागच्या चाकाची हवा गेली. मी पिशवी उघडली. मुलगा बांधावर जाऊन फोटो काढत बसला. मी काही बोललो नाही, काम उरकलं, निघालो.

पूर्णेच्या पुलाखाली उतरून वजू केला आणि अस्र वाळूवर पढली. इथून पुढे डांबरी सोडून गाडीवाटेने जायचं मुलांचं ठरलेलं होतं. खरी सायकल तिथे चालवावी लागली. मोआबच्या वाळूच्या दगडावर टायर म्हणे चिकटून बसतो. आपला मुरूम तसा नाही. चाकाखालून गोट्यांसारखा निसटतो. घळीत उतरताना बूड सीटच्या मागे न्यायचं, ब्रेक एकदम आवळायचा नाही, तळाला पोचायच्या आधीच हलका गिअर टाकून ठेवायचा, हे मुलगा मला शिकवत होता. माझ्या सायकलला गिअर नव्हते, त्यामुळे तळाला पोचलो की मी उतरून ढकलत होतो. तीन घळी झाल्या. चौथीच्या चढावर वेड्या बाभळीचं बेट होतं. ही बाभूळ परदेशातून आणून लावली आणि ती मराठवाडाभर माजली. तिचा वाळलेला काटा जाड टायरही मोजत नाही.

मित्राचं पुढचं चाक बसलं. सूर्य डोंगराला टेकलेला, लोणार अजून सहा-सात किलोमीटर. मी ट्यूब बाहेर काढली, हवा भरली. दुकानात घमेलं असतं, इथे बाटल्यांच्या तळाशी घोटभर पाणी. माझा चाळिशीचा चष्मा, त्यात अंधार पडत चाललेला. भोक दिसेना आणि वाऱ्यामुळे आवाजही ऐकू येईना. सरांनी मोबाइलचा दिवा धरला. मित्र घरी काय सांगायचं या काळजीत.

मुलगा थोडा वेळ उभा राहिला. मग खाली बसला आणि माझ्या हातातून ट्यूब घेतली. ओठांना थुंकी लावली आणि ट्यूब ओठांजवळून हळूहळू फिरवू लागला. ओल्या ओठाला हवेची बारीक धारही गार लागते. ही अब्बांची रीत. एक भोक सापडलं. तो थांबला नाही. ट्यूब उलटी करून आतली बाजूही फिरवली आणि बरोबर समोर दुसरं सापडलं. काटा आरपार गेला होता. नवखा माणूस पहिल्या भोकावर खूश होतो आणि दहा मिनिटांनी पुन्हा रस्त्यावर बसतो. पॉलिश पेपरने दोन्ही जागा घासल्या, सोल्युशन पातळ पसरलं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबला, मग ठिगळं दाबली. टायरमध्ये हाताचा पंजा फिरवून काटा शोधला, दगडाने ठोकून बाहेर काढला. सगळं मिळून वीसेक मिनिटं.

मित्र म्हणाला, "हे कुठे शिकलास तू? यूट्यूबवर?"

मी टायरकडे पाहत राहिलो. मुलगा पंप मारत होता. पाच-सहा झटके झाले, मग म्हणाला, "नाही. माझ्या आजोबांचं दुकान आहे. मानवतलाच."

"मग आधी सांगायचंस ना! माझं मागचं चाक दोन महिने लचकतंय."

एवढंच झालं. मगरिब तिथेच खडकावर पढलो. मगरिबला कसर नाही, तीनच्या तीन. मग मोबाइलच्या उजेडात लोणार गाठलं. इशा गावातल्या मशिदीत जमातने मिळाली. मुकामी इमामाच्या मागे मुसाफिरालाही पुऱ्या चार पढाव्या लागतात. मुलाचे पाय थरथरत होते, पण उभा राहिला.

सकाळी काठावर गेलो. फोटोत हे विवर बशीसारखं दिसतं. काठावर उभं राहिलं की कळतं, ही विहीर आहे, फक्त पावणेदोन किलोमीटरहून रुंद. खाली उतरायची वाट पायी, सायकली वरच ठेवल्या. अभयारण्य असल्यामुळे दगड उचलायलाही बंदी. सरांनी शाळा भरवली. दख्खनचा हा काळा दगड, बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यावर उल्का आदळली. पूर्वी लोक याला ज्वालामुखीचं तोंड समजत. १९७०च्या दशकात इथे प्रचंड दाबाखालीच बनणारी काच सापडली आणि वाद मिटला. वय मात्र एका पद्धतीने बावन्न हजार वर्षं येतं, दुसरीने पावणेसहा लाखांच्या आसपास. मुलं म्हणाली, "सर, परीक्षेत कोणतं लिहायचं?"

खाली पाणी हिरवट, वास उग्र, बोटांना साबणासारखं बुळबुळीत. २०२० च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं. पातळी घटून खार वाढला आणि खारात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले. त्याच वर्षी या सरोवराला रामसरच्या यादीत जागा मिळाली. मुलाने विचारलं, या पाण्याने वजू होईल का? मूळचाच खारट असेल तर पाणी पाकच राहतं, समुद्राचं असतं तसं. पण करून पाहायची इच्छा कुणालाच झाली नाही. वर नळ होता.

मला सांगायला एक गोष्ट उरली होती, ती मी सांगितली. अकबर बादशाहच्या काळात अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी' लिहिली, तिच्यात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात हे लोणार आहे. हिंदूंचं तीर्थ म्हणून आदराने उल्लेख आहे आणि इथल्या खारापासून काच आणि साबणाचं साहित्य मिळतं, त्यातून महसूल येतो, हेही आहे. बादशाहचा दरबारी लेखक, पण साबण कशापासून होतो ते लिहायला त्याला कमीपणा वाटला नाही. मुलगा काही बोलला नाही. मीही विषय पुढे ताणला नाही.

सर आणि मित्र गोमुखाच्या धारेवर आणि गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात जाऊन आले. तोवर सायकली आम्ही सांभाळल्या. परतीला मंठ्यापर्यंत चालवत आलो, पुढे ओळखीच्या एका रिकाम्या टेम्पोत सायकली टाकल्या.

मंगळवारी मित्र त्याची सायकल घेऊन दुकानात आला. मागच्या चाकाचा आउट अब्बांनी काढला. मग त्याच्या आग्रहावरून पुढची ट्यूबही पाहिली. रात्री जेवताना मला म्हणाले, "एक ठिगल का कोना उठ रहा. पोट्टे को बोल, किनारे तक घिसना."

मी मुलाला सांगितलं. तो पुस्तकातून वर न बघता म्हणाला, "मालूम है. अंधेरा था."