ऑपेरा हाउसच्या आत

मुंबईच्या हिरेबाजारातील माणसाला ‘कुठे निघालात?’ असे विचारले की तो ‘ऑपेरा हाउसला’ असे उत्तर देई. त्याचा अर्थ पंचरत्न इमारत, तिच्या आसपासच्या पेढ्या आणि खाली गल्लीत उभ्या उभ्या चालणारे सौदे. ज्या वास्तूवरून हे नाव पडले, तिच्याकडे मान वळवून पाहण्याची सवड कोणाला नव्हती. दिंडोशीत राहणारे एक वृद्ध दलालही त्यातलेच. १९८०च्या सुमारास ते या बाजारात आले, तीस वर्षे दररोज त्या इमारतीवरून गेले. पण एकदाही आत पाऊल टाकले नाही. सुरुवातीला तिथे चित्रपट लागत, तेव्हा वेळ नव्हता. १९९३ साली थिएटरला कुलूप लागले आणि न जाण्याला आयतेच कारण मिळाले.

गेल्या मे महिन्यातील एका रविवारी ते आत गेले, ते नातीमुळे. आणि नातीमुळेच घरात गेले दोन महिने अबोला होता.

नात वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला. महाविद्यालयाच्या एकांकिकांना प्रकाशयोजना करता करता तिने ठरवून टाकले की पुढे हेच शिकायचे. तिच्या वडिलांनी ताटावरून उठून विचारले, “दुसऱ्यांवर उजेड पाडायचा आणि आपण अंधारात उभं राहायचं, यात धंदा कुठला?” प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. व्यापारी घरात मुलगा असो की मुलगी, पहिला विचार हिशेबाचाच होतो आणि तो करण्यात लाज वाटण्याचे कारण नाही. निवाडा दादाजींवर सोपवला गेला. दादाजी म्हणाले, “आधी माल दाखव, मग भाव बोलू.” नातीने दुपारच्या प्रयोगाची दोन तिकिटे काढली.

मालाडहून धीम्या लोकलने चर्नी रोड. घरातून निघताना आजीने थेपल्यांचा डबा दिला होता. चौविहार पाळणाऱ्या माणसाला संध्याकाळच्या आत खाण्याची सोय बरोबर न्यावी लागते. स्टेशनाबाहेर पडल्यावर दादाजींची पावले जुन्या सवयीने बाजाराकडे वळली आणि थांबली. २०१०मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स सुरू झाले, पण बरेच दलाल लगेच हलले नव्हते, तेही त्यांतलेच. १३ जुलै २०११च्या संध्याकाळी, सातच्या सुमारास, झवेरी बाजार, दादर आणि ऑपेरा हाउस अशा तीन ठिकाणी स्फोट झाले. दादाजी वरच्या मजल्यावर पुड्या मोजत होते. काचा हादरल्या. खाली गल्लीत उभा असलेला त्यांचा एक सोबती वाचला, पण त्याचा एक कान कायमचा गेला. त्यानंतर दादाजींनी टेबल हलवले ते हलवलेच. या रस्त्यावर ते पुन्हा आले ते थेट त्या रविवारी. नातीला यातले काही ठाऊक नव्हते. तिने फक्त त्यांचा हात धरला.

वास्तू उभी कशी राहिली, हे नातीने गाडीतच सांगितले होते. बेत १९०८चा. भागीदार दोघे: कलकत्त्याचे नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि मुंबईचे पारशी गृहस्थ जहांगीर फ्रामजी कराका. कराकांची पेढी कोळशाच्या दलालीची. हे ऐकल्यावर दादाजींनी खिडकीतून नजर काढून तिच्याकडे पाहिले. “दलाल?” “हो दादाजी, दलाल.” जोगेश्वरीपासून दादरपर्यंत ते काही बोलले नाहीत. १९११ साली बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले, तेव्हा बांधकाम पुरे झालेले नव्हते. पुढेही काही वर्षे कामे चालूच होती. कोळशातून मिळवलेला पैसा सोनेरी नक्षीत घालणाऱ्या त्या माणसाला त्याच्या घरच्यांनी काय म्हटले असेल, हा प्रश्न कोणत्याही व्यापाऱ्याच्या मनात आल्याशिवाय राहणार नाही.

आणि नुसत्या ऑपेरावर ते चालले नाहीच. हळूहळू पडद्यावरची चित्रे आली, नाटके आली. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांचे स्वर या छताखाली घुमले. पृथ्वीराज कपूर यांनी १९४४ साली काढलेल्या पृथ्वी थिएटर्सचे प्रयोग येथे होत. खेळ संपल्यावर ते स्वतः दाराशी झोळी पसरून उभे राहत, हे जुन्या मुंबईकरांच्या घरोघरी सांगितले जाई. १९५२ साली गोंडलच्या महाराजांनी वास्तू विकत घेतली. पुढे प्रेक्षक आटले, दार बंद झाले आणि तेवीस वर्षे बंदच राहिले. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार होऊन ऑक्टोबर २०१६मध्ये ते पुन्हा उघडले. मुंबईतच जन्मलेल्या गोमंतकीय गायिका पॅट्रिशिया रोझारिओ यांनी तिथे गाऊन दाखवले. पुढच्या वर्षी युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत त्याची नोंद झाली. अशा दुरुस्तीत नवे करून टाकणे सोपे असते; जुने हुडकून काढणे महागात पडते. तिथे दुसरा मार्ग धरला गेला, हे विशेष.

आत शिरताच दादाजींची मान वर गेली. ससून घराण्याकडून आलेली झुंबरे, घुमटाच्या आठ भागांत कवी-नाटककारांच्या प्रतिमा, सोनेरी नक्षीचे सज्जे. खुर्च्या जेमतेम पावणेसहाशे. नात अपेक्षेने त्यांच्याकडे पाहत होती, त्यांनी एवढेच म्हटले, “देखभालीचा खर्च मोठा असणार.”

प्रयोग सुरू झाला. नाटक कसे होते, याविषयी दादाजींचे मत फारसे अनुकूल नव्हते. पात्रे फार बोलतात, असे ते नंतर म्हणाले. पण दुसऱ्या प्रवेशात नायिका नुसती बसून होती. हळूहळू तिच्या एका गालावरचा उजेड पिवळसर होता होता पांढरा झाला आणि कोणी काही न बोलता सकाळ झाली. दादाजी खुर्चीत पुढे सरकले. हिरा पारखायचा तो उत्तरेकडच्या खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर. दुपारच्या पिवळ्या उन्हात पाहिलेला माल संध्याकाळी दगा देतो. उजेडाच्या एका छटेपायी लाखाचा फरक पडतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. आयुष्यभर त्यांनी उजेडच वाचला होता.

“हे कुणी केलं?” त्यांनी अंधारात कुजबुजत विचारले.

“मागे बसलेत, दादाजी. तिकडे, बोर्डावर.”

पुढचा सबंध प्रवेश ते अधूनमधून मागे वळून पाहत राहिले. शेजारच्या बाईंनी दोनदा नापसंती दर्शवली.

प्रयोग साडेपाचला सुटला. दोघे गिरगाव चौपाटीवर आले. दादाजींनी डबा उघडला, थेपल्याचे दोन तुकडे केले आणि मुलाला फोन लावला.

“जांगड ठाऊक आहे ना तुला? माल घरी नेतो आपण, विकत घेत नाही. बघतो, पारखतो. पटला तर ठेवतो, नाही तर परत. तसं एक वर्ष. एका वर्षाची फी मी भरतो. वर्षानंतर तिनंच सांगायचं, ठेवते की परत करते.”

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग काही विचारले गेले. दादाजी म्हणाले, “कमाई? ते तिलाच विचार. इथे बसलीये.” आणि त्यांनी फोन नातीच्या हाती दिला. सूर्य मावळायला अजून तासाभराचा अवकाश होता. ते पुढचे थेपले काढू लागले.