जाम पिस्टन आणि मिस्त्रीची मजुरी

इंजिन जाम झाले की गाडी भंगारात काढा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. ते जाम का झाले, हे विचारणारे थोडे. मुळात प्रश्न तिथूनच सुरू होतो.

आमच्या अभ्यासिकेला देणगीत मिळालेली प्रीमियर पद्मिनी कित्येक वर्षे शेडमध्ये उभी होती. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन तसूभर हलत नव्हते. वस्तीतल्या मिस्त्रीकाकांनी आधी विचारले, "चालता चालता धरली, की उभ्याउभ्या?" तेल-पाणी संपून तापलेल्या इंजिनात पिस्टन सिलिंडरला घासून चिकटतो, तिथे इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नसते. उभ्या गाडीत मात्र उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून दमट हवा शिरते, बिडाच्या सिलिंडरला गंज चढतो आणि रिंगा अडकतात. कारण वेगळे, म्हणून उपायही वेगळा.

कोणी हौसेने सेल्फ मारू नये म्हणून काकांनी बॅटरीची वायरच काढली. चारही प्लग काढून आत पॉवर स्टिअरिंगचे पातळ तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मेनिम्मे ओतले. अ‍ॅसिटोन पेट घेते, म्हणून बिडीवाल्यांना लांब पिटाळले. ८ दिवस रोज थोडी भर. मग क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून केसभर पुढे, केसभर मागे. "जोर लावाल तर रिंगा तुटतील, पोरांनो." नवव्या दिवशी क्रँक पूर्ण फिरला. तरी प्लग लगेच लावले नाहीत. द्रव दाबला जात नाही. तो आत ठेवून सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी हाताने फिरवून तो बाहेर काढला, चेंबरमधले तेल बदलले, मगच गाडी सुरू केली.

मजुरीची वेळ आली तेव्हा आमच्यातल्याच काहींनी हिशेब मांडला: प्रत्यक्ष काम ४ तासांचे, मग एवढे पैसे कशाचे?

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. कारण ओळखणे, वाट पाहणे, जोर कुठे लावायचा नाही हे कळणे, हेच तर ज्ञान. डॉक्टर ५ मिनिटे तपासतो तेव्हा आपण फी देतो, मिनिटे मोजत नाही. हात ग्रीसने काळे दिसले की मात्र आपले घड्याळ बाहेर निघते. समाजशास्त्राच्या पुस्तकात श्रमप्रतिष्ठा वाचणे सोपे आहे. ती पावतीवरच्या आकड्यात दिसली पाहिजे. काकांनी सांगितलेली रक्कम आम्ही पूर्ण दिली. घासाघीस करायची सवय आपण फक्त कोणापुढे वापरतो, हे ज्याने त्याने तपासावे.