शंभर पूर्णांक चार

सातारा जिल्ह्यातले एक काका होते. फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी त्यांना कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल चालू होतं. दुसरी केमो होऊन दहावा दिवस, आणि नेमकं त्याच दिवशी लक्ष्मीपूजन. रात्री अंग तापलं. सुनेनं पॅरासिटामॉल दिली, घाम येऊन ताप उतरला, पहाटे पुन्हा चढला. ‘सणासुदीला डॉक्टरांना कशाला फोन करायचा’ म्हणून भाऊबीजेपर्यंत गोळ्यांवर काढलं. आमच्याकडे आणलं तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती.

“डॉक्टर, तापाशिवाय काहीच नव्हतं हो,” मुलगा सांगत होता. तो खरंच बोलत होता. कफ नाही, लघवीला जळजळ नाही, कुठे पू नाही. पू होतो तो जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा. त्या पेशीच उरल्या नसतील तर पू येणार कुठून? यांतल्या न्यूट्रोफिल पेशी घनमिलिमीटरला निदान दीड हजार असाव्यात. काकांच्या २०० सुद्धा नव्हत्या. अशा शरीराजवळ सांगायला बहुतेक वेळा एकच खूण उरते, तापाची. पॅरासिटामॉल नेमकी तीच पुसून टाकते.

केमोची औषधं झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतातच. पण केसांची मुळं, तोंडाचं अस्तर आणि हाडांतली रक्त तयार करणारी मज्जाही तशीच. न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम एखादा दिवस टिकतात. म्हणून मज्जेचं काम मंदावलं की तुटवडा आधी त्यांचा, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत. तांबड्या पेशी चार महिने जगतात, त्यामुळे रक्त कमी झाल्याचा थकवा उशिरा जाणवतो. दुष्परिणामांनाही तिथी असते. ती घरच्यांना आधी सांगणं हे माझं काम आहे, आणि काकांच्या घरी मी ते पुरेसं ठासून सांगितलं नव्हतं.

लोक घाबरतात ते उलट्यांना. सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमपासूनचं औषध १९७८ मध्ये अमेरिकेत वापरात आलं तेव्हा ती भीती रास्त होती. आज केमोच्या आधीच उलटी थांबवणारी तीन-चार औषधं एकत्र देतो. त्यांतलं ओलान्झापिन गुणकारी, पण पेशंट दिवसभर पेंगतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये दाखवून दिलं की नेहमीच्या १० मिलिग्रॅमऐवजी अडीच मिलिग्रॅमही तेवढंच काम करतं, आणि गुंगी कमी येते. उलटी झाली नाही म्हणजे औषध लागू पडलं नाही, हा समज मात्र अजून डोक्यातून जात नाही.

मला अधिक काळजी वाटते ती लपवलेल्या त्रासाची. पॅक्लिटॅक्सेलनं बोटांना मुंग्या येतात, शर्टाचं बटण लावता येईनासं होतं. सिस्प्लॅटिननं कानात सूं आवाज येतो. ‘सांगितलं तर औषध बंद करतील’ या धास्तीनं माणसं गप्प राहतात. वेळेवर कळलं तर डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. बधिर झालेली नस किंवा गेलेली श्रवणशक्ती परत आणणं पुष्कळदा आमच्या हातात नसतं.

टाटामधलाच २०२० चा एक अभ्यास मी नेहमी आठवतो. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशींत ईजीएफआर या जनुकात बदल असलेल्या पेशंटना नुसत्या गेफिटिनिबच्या गोळीऐवजी गोळीबरोबर केमोही दिली, तर आजार आटोक्यात राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ वर गेला. मात्र गंभीर त्रास होणाऱ्यांचं प्रमाणही पाव हिश्शावरून निम्म्यावर गेलं. हा सौदा मला पटतो. पण त्रास त्याच दिवशी कळला तरच तो पेशंटच्या पदरात पडतो.

काका वाचले. अकरा दिवस अँटिबायोटिक्स, तिसरी केमो लांबली, डोस कमी केला, पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन जोडलं. घरी जाताना सुनेच्या हातात थर्मामीटर ठेवला आणि फाइलवर लाल पेननं १००.४ लिहून त्याखाली माझा नंबर दिला. “एवढा दिसला की गोळी द्यायची नाही, फोन करायचा. वेळ बघायची नाही.”

तिसऱ्या केमोच्या नवव्या रात्री अडीच वाजता फोन वाजला. “डॉक्टर, शंभर पूर्णांक सहा आहे. गोळी दिलेली नाही. गाडी दारात लावलीय, निघू का?”

“निघा,” म्हटलं, आणि वॉर्डला अँटिबायोटिक काढून ठेवायला सांगितलं.