आझाद मैदान ते विधान भवन : एक चारिका

आपल्या शाळेच्या सहली बहुधा ठरलेल्या असतात. वेरूळची लेणी, नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालय, नागपूरची दीक्षाभूमी, दादरची चैत्यभूमी. ही स्थळे आम्हां सर्वांच्या श्रद्धेची आहेत आणि तेथे विद्यार्थ्यांना नेणे हे आम्ही शिक्षक आमचे कर्तव्य मानतो. परंतु मागील जानेवारीत नववीच्या अडतीस मुलामुलींना घेऊन आम्ही चार शिक्षक मुंबईस गेलो, तेव्हा चैत्यभूमीच्या वंदनेनंतरचा एक दिवस वेगळ्या कामासाठी राखून ठेवला होता. आझाद मैदानापासून विधान भवनापर्यंतचा परिसर, म्हणजे जेथे राज्याचे निर्णय होत आले तो भाग, पायी पाहावयाचा होता. तथागतांनी पंचेचाळीस वर्षे चारिका केली. पायी चालणाऱ्यास वाटेतील माणसे दिसतात, हा त्यातील एक साधा धडा आहे. स्मरणिकेसाठी लिहिताना त्या चार-एक किलोमीटरांच्या चारिकेविषयीच लिहावे, असे आम्हांस वाटले.

सोबतीला वास्तुवारशाच्या फेऱ्या घडविणाऱ्या एक तरुण मार्गदर्शिका होत्या. अभ्यासू आणि मनमिळाऊ. मुले नांदेड व लातूर जिल्ह्यांतील आहेत हे कळताच त्या म्हणाल्या, "म्हणजे गुरुद्वारा, किल्लारीचा भूकंप आणि रेल्वेने आणलेले पाणी!" त्यांचे काही चुकले नव्हते. १९९३ चा भूकंप आणि २०१६ साली मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे यांमुळेच आमचे जिल्हे मुंबईकरांना ठाऊक आहेत. याच दोन जिल्ह्यांनी शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोकराव चव्हाण असे चार मुख्यमंत्री महाराष्ट्राला दिले, हे एका विद्यार्थ्याने सांगितले तेव्हा बाईंनी ते कौतुकाने वहीत टिपून घेतले.

सुरुवात आझाद मैदानावर झाली. आजही राज्यभरातून येणारे मोर्चे येथेच थांबविले जातात. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील व अन्य जिल्ह्यांतील हजारो शेतकरी याच परिसरात जमले होते आणि मोर्चाचे तोंड कौन्सिल हॉलकडे होते. नेतृत्व बाबासाहेबांचे होते. त्याच्या चारच महिने आधी, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, मुंबई विधिमंडळाच्या पुणे अधिवेशनात त्यांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले होते. १७ सप्टेंबर म्हणताच मुलांनी एकमेकांकडे पाहिले. मराठवाड्यातील प्रत्येक मूल त्या दिवशी ध्वजवंदनास उभे राहते. १९४८ साली त्याच तारखेला हैदराबाद संस्थान मुक्त झाले.

येथे इतिहासाच्या शिक्षकास थोडे थांबावे लागते. १९३८ च्या त्या मोर्चात आपले आजोबा-पणजोबा का नव्हते? कारण मुंबई ही त्यांची राजधानीच नव्हती. ते निजामाची प्रजा होते. त्यांचा अर्ज जावयाचा तो हैदराबादेस. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. म्हणजे हा परिसर आपला झाला त्याला अद्याप शंभर वर्षेही झालेली नाहीत. बाबासाहेबांनी मात्र त्यापूर्वीच, १९५० मध्ये, औरंगाबादेस महाविद्यालय सुरू करून आपल्या भागाशी नाते जोडले होते.

दादाभाई नौरोजी मार्गाने जाताना सिद्धार्थ महाविद्यालयाचे आनंद भवन लागले. १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सुरू केलेल्या या महाविद्यालयाच्या इमारतींना आनंद भवन आणि बुद्ध भवन ही नावे आहेत. ज्या फोर्टात आपल्या माणसाला एके काळी फक्त हमालीसाठी प्रवेश होता, त्याच फोर्टात भगवंतांच्या उपस्थापकाचे नाव दारावर आहे, हे पाहून मुलांनी आपण होऊन हात जोडले. पुढे हुतात्मा चौक, उच्च न्यायालय, मग काळा घोडा. उच्च न्यायालयापाशी १९२३ साली वकिली सुरू करणारे बाबासाहेब आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयापाशी विद्यार्थी भीमराव, असा उलटा प्रवास मुलांनी शंभर-दोनशे पावलांत केला.

त्यानंतर रिगल चित्रपटगृहासमोरच्या दगडी इमारतीपाशी आम्ही थांबलो. आज तेथे राज्य पोलीस मुख्यालय आहे. मार्गदर्शिकेने फार चांगली माहिती दिली. ही इमारत खलाशांच्या निवासासाठी बांधली गेली, तिचे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनीच पुढे व्हिक्टोरिया टर्मिनस उभारले, दर्शनी भागावरची शिल्पे समुद्रदेवतेची आहेत. १९२८ पासून हाच कौन्सिल हॉल झाला आणि १९८१ मध्ये नवे विधान भवन होईपर्यंत विधिमंडळ येथे बसत असे.

बाईंचे बोलणे संपल्यावर त्यांची परवानगी घेऊन आम्ही मुलांना चार वाक्ये अधिक सांगितली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला, तेव्हा विधिमंडळ याच इमारतीत बसत होते. आत ठराव झाला आणि येथून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आपल्या गावांत घरे पेटली.

आम्ही त्या वर्षी तिसरीत होतो. गाव नांदेड जिल्ह्यातलेच. ठरावाची बातमी रेडिओवर आली तेव्हा वस्तीत साखर वाटली गेली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत एका रात्री आईने आम्हां भावंडांना उठवून पावसात चालत नातेवाइकांकडे नेले. आमचे घर वाचले. गल्लीतली तीन घरे वाचली नाहीत. शाळेची पुस्तके पुन्हा हाती आली ती पोळ्यानंतर. हे सांगताना आम्ही कोणाचे नाव घेतले नाही, कारण मुलांच्या मनात वैर पेरणे हे शिक्षकाचे काम नव्हे. मात्र टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचे नाव आम्ही घेतले. त्यांचा प्राण ज्या गावात गेला ते गाव आपल्या नांदेड जिल्ह्यात आहे. त्या नावासाठी नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडात आत्मदहन करणाऱ्या गौतम वाघमारे यांचेही नाव घेतले. मार्गदर्शिका स्तब्ध होऊन ऐकत होत्या. पुढच्या फेरीपासून आपण या इमारतीपाशी हेही सांगत जाऊ, असे त्या म्हणाल्या.

मादाम कामा मार्गावर बाबासाहेबांच्या पुतळ्यास पुष्प अर्पण करून आम्ही मंत्रालयापाशी आलो. प्रवेशपत्रासाठी रांग होती. रांगेत हातात कागदांच्या पिशव्या घेतलेली गावोगावची माणसे. एक वृद्ध गृहस्थ उदगीर भागातले निघाले. मुलांची बोली ऐकून त्यांनीच विचारपूस केली. जमिनीच्या कागदासाठी त्यांची ती तिसरी फेरी होती. त्यांच्याकडे पाहत आमच्या वर्गातील एका मुलीने विचारले, "सर, गावातून अर्ज इथवर यायला किती दिवस लागतेत?" तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. घरचा प्रत्येक अर्ज तीच लिहिते.

त्या प्रश्नाचे उत्तर पदपथावर उभे राहून देणे शक्य नव्हते. विधान भवनाची इमारत बाहेरून पाहून झाल्यावर, परतीच्या देवगिरी एक्सप्रेसमध्ये, आम्ही मुलांसमोर वही उघडली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. तरी महाडच्या तळ्याचे पाणी ओठांना लागले ते २० मार्च १९२७ रोजी, माणसे स्वतः चालत गेली तेव्हा. महार वतनाचे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ साली मांडले. ती वतने नष्ट करणारा कायदा १९५८ चा. खोतीचे विधेयक १९३७ चे, कायदा १९४९ चा. आणि नामांतर? ठराव २७ जुलै १९७८, अंमलबजावणी १४ जानेवारी १९९४. दोन मुलांनी लीप वर्षे धरून हिशेब केला. ५,६५० दिवस.

डबा काही क्षण शांत होता. मग एकाने विचारले, "मग सर, ३८ सालचा मोर्चा हरला का?" आम्ही म्हणालो, नाही. विधेयक त्या वेळी संमत झाले नाही, पण जे मागणे तोवर कोकणच्या बांधावर होते ते त्या दिवशी राजधानीच्या रस्त्यावर आले, आणि रस्त्यावर आलेले मागणे परत बांधावर जात नाही. ठराव कागदावर होतो. त्याला गावापर्यंत आणावे लागते ते माणसांच्या पायांनी. महाडला ते पाय चालले, १९७९ च्या लाँग मार्चमध्ये चालले. अर्ज आणि आंदोलन, विधिमंडळ आणि रस्ता, यांपैकी एकच निवडा असे बाबासाहेबांनी आपल्याला कधी सांगितले नाही. ते सभागृहातही उभे राहिले आणि शेतकऱ्यांच्या पुढेही.

एक गोष्ट आम्ही मुलांना मुद्दाम सांगितली. नामविस्तार झाला त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड आणि लातूर हे जिल्हे त्या विद्यापीठाकडे आले. ज्या गावांनी बाबासाहेबांच्या नावासाठी सर्वाधिक सोसले, त्यांतील अनेकांच्या मुलांच्या पदवीवर ते नाव येत नाही. स्वामीजी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अग्रणी होते; त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु ही वस्तुस्थिती आपल्या मुलांना ठाऊक असावी. पदवीच्या कागदावर नाव नसले तरी त्या नावाची किंमत कोणी मोजली, हे त्यांनी विसरू नये.

या स्मरणिकेचे वाचक असलेल्या माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेकजण आज मुंबईत नोकरी करतात. काहीजण तर मंत्रालयातच आहेत. दरवर्षी नववीची मुले ही चारिका करतील. त्या दिवशी आपण अर्धी रजा काढून त्यांच्याबरोबर चालावे. अर्जाला टपाल क्रमांक कसा मिळतो, तो कोणत्या टेबलावर थांबतो, थांबला तर माहिती अधिकारात काय विचारावे, हे आमच्यापेक्षा आपण अधिक चांगले सांगाल. आणि पालकांना सांगावयाचे ते एवढेच की, आपली लेक आपला अर्ज लिहीत असेल तर त्याची एक प्रत तिच्यापाशी ठेवावी. ती तारखा मोजावयास शिकली आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.