ऑर्लेआंच्या बाईचा आवाज

एकट्याने अभिवाचन करताना बाईचं वाक्य आलं की पुरुष वाचक आवाज बारीक करतात आणि आम्ही बायका पुरुषाच्या वाक्याला घसा जाड करतो. हशा हमखास. फ्रेंच फाब्लिओ वाचताना मात्र ही सवय कथेचाच घात करते.

फाब्लिओ म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीपासून चौदाव्या शतकापर्यंत उत्तर फ्रान्समध्ये रचलेल्या चावट, विनोदी पद्यकथा. आज दीडशेच्या आसपास उरल्या आहेत. फिरते कथेकरी त्या एकट्याने सादर करत. हस्तलिखितांत अवतरणचिन्हं नाहीत; ‘ती म्हणाली’, ‘तो म्हणाला’ एवढाच आधार.

ऑर्लेआंच्या सावकाराच्या बायकोची कथा घ्या. नवरा तिच्या विद्यार्थी प्रियकराचं सोंग घेऊन रात्री दारात येतो. ती त्याला ओळखते, पण ओळख दाखवत नाही. ‘जरा इथे थांबा’ म्हणत माळ्यावर कोंडते, बागेत खऱ्या प्रियकराला भेटते आणि मग घरच्या माणसांना सांगते, तो मेला विद्यार्थी कधीचा माझ्या मागे लागलाय, आज सापडलाय, बडवा त्याला. नवरा आपल्याच माणसांचा मार खातो आणि बायको पतिव्रता निघाली म्हणून खूश होतो! दारातलं तिचं बोलणं लाघवी, नोकरांपुढचं खणखणीत, मालकिणीचं. इथे चिरका आवाज काढला तर तिचा हुकूम ऐकणार कोण? बायकांच्या कपटावर कवी मध्येच प्रवचन झोडतो, ते मी भरभर उरकते. चांगली वाक्यं त्याने तिलाच दिलीत.

‘बेराँजे’ नावाच्या दुसऱ्या फाब्लिओत तर घसा जाड करणं सपशेल चुकतं. सावकाराचा पोरगा लग्नामुळे सरदार झालेला. रानात जाऊन स्वतःचीच ढाल तोडतो आणि घरी येऊन लढाईच्या बढाया मारतो. खानदानी बायको चिलखत चढवून त्याला रानात गाठते, दरडावते. सरदारी भाषा तिच्या माहेरची आहे, त्याच्याकडे नुसतं चिलखत. म्हणून तिचा आवाज मी बदलत नाही, वाक्यं फक्त तोडून, सावकाश टाकते. अडखळायचं त्याने.

या कथा वाचायला घेणार असाल, तर प्रत्येक वाक्यापाशी आधी पाहा: बोलणारी व्यक्ती कोणत्या घरची आहे आणि समोर कोण उभं आहे. आवाजाची पट्टी त्यानंतर ठरवा.