सैबेरियातलं ओझर

नाशिककराला दोन आवाज झोपेतही ओळखता येतात. एक घंटागाडीचा आणि दुसरा ओझरहून उडालेल्या सुखोईचा. ओझरच्या टाउनशिपमध्ये वाढलेल्यांना तर दुसऱ्या आवाजाची इतकी सवय की विचारू नका. आमच्या शाळेत विमान डोक्यावरून गेलं की बाई वाक्य अर्धवट सोडून थांबायच्या. काचा थरथरून झाल्या की त्याच शब्दापासून पुढे सुरू! आम्ही पोरं तेवढ्यात डबा उघडून एक घास हाणायचो.

त्यामुळे ऑगस्ट २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात, रशियातल्या इर्कुत्स्क शहरात, एका अनोळखी स्वयंपाकघरात हिरवट सूपकडे संशयाने बघत बसलेली असताना अचानक तोच आवाज आला, तेव्हा मी चक्क हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा. खिडकीकडे बोट दाखवून म्हटलं, ‘दोम!’ म्हणजे घर. मला एकूण बारा शब्द येत होते, त्यातला हा एक.

घरातल्या आजी हसल्या नाहीत. त्या हातातला डाव तसाच धरून उभ्या राहिल्या. आवाज पूर्ण विरेपर्यंत. मग काहीच न झाल्यासारखं मला अजून थोडं सूप वाढलं. मला वाटलं, वय झालंय, तंद्री लागली असेल.

आता इर्कुत्स्कच का, हे सांगायला हवं. नाशिकपासून साधारण वीस किलोमीटरवर ओझरला एचएएलचा कारखाना आहे. १९६४ मध्ये मिग-२१ बांधण्यासाठी तो उभा राहिला, सोव्हिएत मदतीने. पुढे मिग-२७ झाली आणि २००० च्या दशकात सुखोई-३० एमकेआय आली. या सुखोईचं माहेर म्हणजे इर्कुत्स्कचा विमान कारखाना. सुट्या भागांच्या पेट्या तिथून यायच्या. बाबा त्या पेट्या उघडणाऱ्यांपैकी. आमच्या घरात ‘इर्कुत्स्क’ हा शब्द ‘मनमाड’ म्हणावं इतक्या सहज बोलला जायचा. टाउनशिपमध्ये रशियन काका-काकू दिसायचे. बाजारात द्राक्षांच्या पाट्यांपुढे उभं राहून बोटांवर भाव करायचे.

मास कॉमची डिग्री हातात पडली आणि माझा ग्रुप पांगला. कुणी मुंबईत चॅनेलला, कुणी पुण्यात एजन्सीत. मी नाशिकच्या पुरवण्यांना फ्रीलान्स लिहीत होते आणि मानधनाच्या चेकची वाट बघत होते. अशात एका स्वयंसेवी प्रोग्रॅमची माहिती मिळाली. शाळेतल्या मुलांशी इंग्लिश बोलायचं, पगार शून्य, राहणं-खाणं एका कुटुंबात, तिकीट आपलं आपण काढायचं. शहरांच्या यादीत मॉस्को होतं, कझान होतं. आणि खाली इर्कुत्स्क. झालं!

बाबा एवढंच म्हणाले, ‘तिथे थंडी असते.’ पण जायच्या आदल्या रात्री त्यांनी एक वही दिली. देवनागरीत लिहिलेले रशियन शब्द, तीस वर्षांत शॉपफ्लोअरवर वेचलेले. गाइका म्हणजे नट, अत्व्योर्तका म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, क्ल्युच म्हणजे पाना. म्हटलं बाबा, मी शिकवायला चाललेय, इंजिन खोलायला नाही. तेव्हा जाम हसले होते. तिथे पहिल्याच संध्याकाळी घराची किल्ली मागायची होती आणि काही केल्या शब्द सापडेना, तेव्हा मुलाने खिशातून किल्ली काढून दाखवली, ‘क्ल्युच?’ पाना आणि किल्ली, दोन्हीला एकच शब्द. बाबा झिंदाबाद.

प्रवास तसा वेडाच. इर्कुत्स्क नकाशावर कोलकात्याच्याही पूर्वेला आहे, पण मी आधी पश्चिमेला मॉस्को गाठलं आणि मग पाच-सहा तास उलटं पूर्वेकडे उडत आले. घड्याळ मात्र भारताच्या फक्त अडीच तास पुढे. म्हणजे आईला फोन करायला एकदम सोयीचं.

घर होतं इर्कुत्स्क-दोन नावाच्या भागात. हा कारखान्याचा भाग, थोडक्यात तिथली टाउनशिपच. पाच मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही, आम्ही चौथ्यावर. घरात आजी, त्यांची मुलगी आणि नववीतला नातू. आजी कारखान्यातून रिटायर झालेल्या. त्यांची मुलगी शाळेत शिकवायची, तिच्याच ओळखीने मी आले होते. तिघांनी मला मोठी खोली दिली आणि आजी स्वयंपाकघरातल्या सोफ्यावर झोपू लागल्या. हे मला चौथ्या दिवशी कळलं. मी भांडले, बारा शब्दांत जमेल तेवढं. उपयोग शून्य.

पहिले दोन आठवडे मी पाहुणी होते, आणि पाहुणी असणं फार दमवणारं असतं हो! दारात बूट काढून लगेच घरातल्या चपला घालायच्या (हे सोपं, आपल्याकडेही बाहेरची चप्पल आत नाहीच). उंबरठ्यावरून काही द्यायचं-घ्यायचं नाही. घरात शिट्टी वाजवायची नाही, पैसे जातात म्हणे. मी मांस खात नाही म्हटल्यावर आजींनी समजूतदारपणे मान हलवून सॉसेज वाढलं. आणि शेपू! मंडळी, जिच्या वासाने मी लहानपणी घर सोडून शेजारी जेवायला जायचे ती शेपू तिथे सूपवर, बटाट्यावर, काकडीवर, दह्यासारख्या ‘स्मिताना’वर, सगळीकडे. त्या पहिल्या हिरवट सूपचं रहस्यही तेच. नोव्हेंबरमध्ये एकदा शेपू संपली होती तर मीच म्हणाले, ‘आज जेवणाला चव नाही.’ आईला हे अजून सांगितलेलं नाही.

सरकारी कामात मात्र मी हिट ठरले. घरात परदेशी माणूस राहिला की यजमानाने ठरावीक दिवसांत त्याची नोंदणी करावी लागते. आजी मला घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. फॉर्मवर एक रकाना होता वडिलांच्या नावाचा. रशियन माणसाचं नाव म्हणजे स्वतःचं, बापाचं आणि आडनाव. खिडकीतल्या बाईंनी सवयीने विचारलं, ‘तुमच्याकडे हे नसतं ना?’ मी पासपोर्ट पुढे केला. मराठी माणसाच्या नावात बाप मधोमध बसलेला असतोच की! बाई खूश. आणि १ सप्टेंबरला, शाळेच्या पहिल्या दिवशी, हातात फुलं घेतलेल्या मुलांना माझी ओळख करून दिली तीही तशीच. तिथे शिक्षकांना नाव आणि पुढे वडिलांचं नाव लावून हाक मारतात, ‘बाई’ किंवा ‘मॅडम’ नाही. बाबांच्या नावाला ‘ओव्हना’ जोडून तयार झालेली ती हाक सहा महिने रोज तीस-तीस तोंडांतून ऐकली. फोनवर सांगितलं तर बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘स्पेलिंग कसं करतात?’

शिकवण्याचं काय? पहिला दिवस फ्लॉप. मी रंगीत कार्ड्स, गेम्स, भन्नाट लेसन प्लॅन घेऊन गेले. मुलं शांत. एका मुलीने हात वर करून विचारलं, या वाक्यात प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस का नाही वापरायचा? मला घाम फुटला. आपण बोलून मोकळे होतो, काळांची नावं कोण लक्षात ठेवतं! या मुलांचं ग्रामर माझ्यापेक्षा पक्कं होतं, फक्त तोंड उघडत नव्हतं. चुकेल ही भीती. मग मी युक्ती केली. रोज पहिली दहा मिनिटं मी रशियन बोलायचं, चुकत, आणि त्यांनी माझ्या चुका काढायच्या, पण इंग्लिशमध्ये. बाईची चूक काढायला मिळतेय म्हटल्यावर काय विचारता! शेवटच्या बाकावरचे सगळ्यात आधी बोलायला लागले.

घरातलं पाहुणेपण गेलं ते बटाट्यांनी. सप्टेंबरातल्या एका शनिवारी सगळे शहराबाहेरच्या त्यांच्या ‘दाचा’वर निघाले, म्हणजे छोटंसं लाकडी घर आणि पुढे भाजीची जमीन. मी कॅमेरा घेऊन तयार. आजींनी कॅमेरा काढून घेतला आणि हातात बादली दिली. कांदा-द्राक्षाच्या जिल्ह्यातली मुलगी, पण माझ्या नखात पहिल्यांदा माती गेली ती सैबेरियाची. संध्याकाळी मी उकरताना कापून ठेवलेले बटाटे बघून आजी जे काही ओरडल्या! त्यांच्या मुलीने भाषांतर करायला नकार दिला. दुसऱ्या दिवसापासून मला भांडी घासायची पाळी लागली, आणि मी जाम खूश होते.

आता ते डाव धरून उभं राहणं. ते मी नंतरही पाहत होते. कारखान्याचा रनवे जवळच, त्यामुळे चाचणी उड्डाणं नेहमीची. प्रत्येक वेळी आजी थांबायच्या. वाक्य, विणकाम, घास, जे असेल ते मधेच. मला आमच्या शाळेतल्या बाई आठवायच्या आणि गंमत वाटायची.

६ डिसेंबरला संध्याकाळी आजी कोट चढवून निघाल्या. मेणबत्त्या घेतल्या होत्या. मी बरोबर गेले. दोन चौक सोडून एक चर्च, बाहेर बर्फात माणसं उभी. नातवाने त्याच्या नव्या इंग्लिशमध्ये सांगितलं, एकही काळ न चुकवता. ६ डिसेंबर १९९७ ला तिथल्या रनवेवरून एक अजस्र मालवाहू विमान उडालं, अंतोनोव्ह-१२४. पोटात दोन सुखोई लढाऊ विमानं. काही सेकंदांतच इंजिनं बंद पडली आणि ते राहत्या इमारतींवर कोसळलं. सत्तरहून जास्त माणसं गेली, त्यातली बरीचशी आपापल्या घरात होती. आजी तेव्हा घरी होत्या. स्वयंपाकघरात.

आणि मी खिडकीकडे बोट दाखवून ‘घर!’ म्हणाले होते.

त्या रात्री आईला फोन केला. विचारलं, ‘तुला कधी भीती वाटते गं विमानांची?’ मला वाटलं हसेल. कारण मी निघायच्या दोनच महिने आधी, २७ जून २०१८ ला, आपल्या निफाड तालुक्यातच सुखोई पडलं होतं. पायलट वाचले, विमान शेतात पडलं, आणि आमच्या घरात त्यावर दिवसभर चर्चा झाली ती फक्त टेक्निकल. आई म्हणाली, ‘वाटते की. लग्न होऊन आले तेव्हापासून वाटते. तुम्ही बापलेक माना वर करून बघत असता, मी कशाला बोलू?’ एकवीस वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. ते कळायला इर्कुत्स्कला जावं लागलं.

बाकी थंडीच्या गोष्टी सगळेच सांगतात, मी थोडक्यात आटपते. जानेवारीत उणे तीस. नाकातले केस गोठतात, पापण्या चिकटतात, घरात मात्र हीटर असे की लोक टी-शर्टवर. शहरातून वाहणारी अंगारा नदी धरणाखाली गोठत नाही, तिच्यावर सकाळी वाफेचे ढग चालत असतात. साधारण सत्तर किलोमीटरवर बैकल सरोवर, जगातलं सगळ्यात खोल, १,६४२ मीटर. काळी-पिवळीसारख्या खच्चून भरलेल्या मिनीबसने गेलो. सुंदर आहे. पण खरं सांगू, मला त्या चौथ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर जास्त आठवतं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये निघाले. दारात बॅगा लावल्यावर सगळे अचानक खाली बसले. प्रवासापूर्वी मिनिटभर गप्प बसायचं, अशी पद्धत. नेमकं तेव्हाच वरून विमान गेलं. या वेळी आजींबरोबर मीही थांबले होते.

नंतर फेब्रुवारी २०२२ आलं, युक्रेनवरचा हल्ला, आणि सप्टेंबरात तिकडे सैन्यभरती जाहीर झाली. नातू तेव्हा एकोणीस वर्षांचा. मी विचारायला धजेना. त्याच्या आईकडून एकच ओळ आली, ‘तो कॉलेजात आहे.’ तेव्हापासून आम्ही हवामान आणि जेवण एवढ्यावरच लिहितो. २३ ऑक्टोबर २०२२ ला मात्र बातमी वाचून हात थरथरले. इर्कुत्स्कमध्ये सुखोई-३० दुमजली लाकडी घरावर कोसळलं, दोन्ही पायलट गेले. मी मेसेज टाकला. उत्तर यायला चार तास लागले. सगळे ठीक होते.

आणि ४ जून २०२४. लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस. मी टीव्हीसमोर आकडे उतरवतेय, आणि दुपारी निफाडजवळ शिरसगावला सुखोई शेतात पडल्याची बातमी. दोन्ही पायलट बाहेर पडले होते. मी निकालाच्या धांदलीत. संध्याकाळी फोन बघितला तर इर्कुत्स्कहून मेसेज, मशीनने भाषांतर केल्यासारख्या इंग्लिशमध्ये, ‘आजी विचारते, निफाड तुझ्या आईपासून किती लांब?’

आईला दाखवला. तिने चष्मा लावून दोनदा वाचला. म्हणाली, ‘सांग, मी ठीक आहे. आणि विचार, यंदा बटाटे लावले का?’

लावले होते. सहा ओळी.