खिशातला चाकू आणि मुठीवरची लाट

सोयाबीनच्या भावावर लिहा म्हणून दोघातिघांचा निरोप आहे, ते पुढच्या वेळी. आज खिशातल्या चाकूवर लिहितोय. विषय बारका वाटंल, पण आमच्या शिवारात ह्या बारक्या वस्तूपायी एका पोराचं बोट जाता जाता राहिलं.

रानात माणसाला दिवसातून दहा वेळा काहीतरी कापायचं असतं. खताच्या पोत्याची शिवण, सुतळी, फुटलेली लॅटरल, ओलांड्याला काचलेली दोरी, शेळीच्या पायात गुंतलेलं दावं. विळा दरवेळी हाताशी नसतो, अन् सिकेटर छाटणीपुरतं. म्हणून घडीचा चाकू. आमच्या वडलांकडं लाकडी मुठीचा होता, त्याच्यानंच ते सुपारी कातरायचे अन् त्याच्यानंच पायातला बाभळीचा काटा काढायचे. आई मात्र चाकू कधी हातात द्यायची नाही. खाली ठेवायची, मग आपण उचलायचा. हातात दिला की भांडण लागतं म्हणायची. भांडणाचं माहीत नाही, पण बोटं शाबूत राहतात हे खरं.

मागच्या पाडव्याला भाचा आला. चाकणला कंपनीत आहे. "मामा, हे तुमच्यासाठी, जपानी आहे," म्हणून एक चाकू दिला. साडेचारशे रुपयांना ऑनलाइन मागवलेला. रोज खिशात बाळगायच्या वस्तूंना शहरातली पोरं ईडीसी म्हणतात, म्हणजे एव्हरीडे कॅरी. आमची लंगोटीपासून तंबाखूच्या पिशवीपर्यंत सगळी ईडीसीच की. चाकू दिसायला मात्र देखणा. मुठीवर निळी-पांढरी उसळलेली लाट, पात्यावर पाण्यासारख्या रेषा, बारीक जपानी अक्षरं. भाच्याचा बघून गावातल्या पोरांनी अजून तीन मागवले.

लाटेचं चित्र कुणाचं म्हणून विचारलं, तर त्यानं मोबाइलवर दाखवलं. होकुसाई नावाच्या जपानी चित्रकाराचं, १८३१ च्या सुमारचं. मूळ चित्रात लाटेखाली तीन होड्या आहेत, त्यात माणसं वाकून जीव धरून बसलेली, अन् लांब मागं फुजी डोंगर एवढासा. मुठीवर जागा पुरली नसंल, होड्या अन् माणसं गायब. नुसती लाट. मला ते काही बरं वाटलं नाही.

आता गंमत बघा. जपानच्या खेड्यातला खरा घडीचा चाकू असला नसतोच. त्याला हिगोनोकामी म्हणतात. ह्योगो प्रांतात मिकी नावाचं अवजारांचं गाव आहे, तिथं तो १८९० नंतरच्या काळात निघाला. मूठ म्हणजे दुमडलेला पत्रा. खटका नाही, कुलूप नाही. पात्याच्या बुडाला एक शेपटी असते, तिच्यावर अंगठा दाबून धरायचा, सोडला की पातं मिटतं. शेतकरी, सुतार, पेन्सिली तासणारी शाळेची पोरं, सगळ्यांच्या खिशात तोच. नक्षीच्या नावानं पत्र्यावर ठोकलेली अक्षरं, बस. तिकडं १८७६ ला तलवार लावून हिंडण्यावर बंदी आली, तेव्हा तलवारी घडवणाऱ्या कित्येक लोहारांनी विळे, चाकू अन् घरगुती अवजारं करायला घेतली. पुढं लेकरांच्या हातात पातं नको म्हणून मोहिमा निघाल्या अन् हिगोनोकामीची मागणी बसली. आता खरा करणारं एकच घराणं उरलंय. आपल्याकडच्या लोहाराच्या साळीची आठवण येते का नाही?

पात्यावरच्या रेषांचं तर अजून वेगळं. त्याला दमास्कस म्हणतात. जुन्या दमास्कस तलवारींवर ज्या रेषा दिसायच्या, त्या आपल्या दख्खनच्या पोलादाच्या. निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम म्हणून गाव आहे, तिथलं मुशीत वितळवलेलं पोलाद न्यायला इराणचे व्यापारी यायचे. १९४८ पर्यंत तो जिल्हा अन् आपला जिल्हा दोन्ही निजामाच्याच राज्यात होते. म्हणजे आपल्याच मुलखाचं नाव पार दमास्कसचं होऊन, जपानचा शिक्का लागून, चाकणहून परत आलं म्हणायचं. तेही खरं असतं तर. जेठ महिन्यात धार बोथट झाली म्हणून मी पातं दगडावर घासलं, तर चार-सहा हातांतच रेषा पुसून खाली कोरं पांढरं लोखंड. वरून उमटवलेली नक्षी होती ती. खऱ्या पोलादातली रेष आरपार असते.

त्याच आठवड्यात गावाबाहेर घिसाड्याचं पाल पडलं होतं. पेरणीच्या आधी दरवर्षी येतात. ट्रकच्या कमानपाट्याची खुरपी करून देतात, बाई घण मारते, नवरा सांडशीत धरून वळवतो. मी चाकू दाखवला. त्यानं पात्यावर कानस एकदा ओढली. करकर करून कानस चावली, लोखंडाचा चुरा पडला. मग त्याचंच पाणी दिलेलं खुरपं घेतलं, त्याच्यावर कानस नुसती घसरली. बाई घण टेकवून म्हणाली, "दादा, ह्यानं भाकरीवर लोणी लावा." एवढ्या कमी शब्दात धातूची परीक्षा मी कुठल्या शिबिरात ऐकली नाही. कानस चावली की पातं मऊ. मऊ पातं लवकर बोथट होतं, अन् बोथट चाकूला जोर जास्त लावावा लागतो. जोर लावला की हात सुटतो.

सप्टेंबरात तेच झालं. शेजारच्या प्लॉटवर डॉगरीजच्या खुंटावर पाचर कलमं चालू होती. टोळीतल्या एका पोराकडं ह्याच लाटेचा चाकू. वय एकोणीस. कलमामागं पैसे मिळतात म्हणून हात भरभर. खुंटाला मधोमध चीर दिली, पातं चिरीत अडकलं. काढायला त्यानं मूठ पिळली अन् पातं फटकन मिटलं, उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर. चार टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले, थोडं खोल गेलं असतं तर बोट वाकवणारी कंडराच तुटली असती, अन् मग बोट कायमचं ताठ. कलम बांधणाऱ्याचं पहिलं बोट ताठ झालं तर त्याला कोण कामाला बोलावतं? वीस दिवस तो घरी बसला, अन् ऐन कलमाचे वीस दिवस म्हणजे त्याची निम्म्या वर्षाची कमाई.

नंतर मी माझा चाकू स्क्रू काढून उघडला. मुठीच्या आत पत्र्याची एक पट्टी असते. पातं उघडलं की ती सरकून पात्याच्या बुडाशी आडवी बसते, तेच त्याचं कुलूप. ह्यात पट्टी पोस्टकार्डासारखी पातळ, अन् पात्याच्या बुडाला जेमतेम काठावर टेकलेली. त्यात माती अन् चिकाचा थर. थर साचला की पट्टी पुरी सरकतच नाही.

तेव्हा घ्यायचाच असंल तर मुठीवरचं चित्र नंतर बघा. पातं उघडून पट्टी पूर्ण आडवी येते का ते उजेडात धरून बघा. बोटं बाजूला ठेवून पात्याची पाठ लाकडावर दोनदा आपटा. मिटलं तर दुकानदाराला परत. घरी आणल्यावर जुन्या ब्रशनं, डिझेलनं सांधा धुवा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. साधं पोलाद गंजतं, डाळिंबाच्या सालीनं काळं पडतं, पण त्याला धार चांगली येते अन् टिकते. काळं पडलं म्हणून टाकून देऊ नका, पुसून तेल लावा.

कलमाला मात्र घडीचा शोभेचा चाकू वापरूच नका, कुलूप कितीही चांगलं असो. कलमाच्या चाकूला एकाच बाजूनं धार असते, त्यामुळं काप सपाट बसतो अन् खुंट-काडीची साल सालीला भिडते. दोन्ही बाजूंनी धार असली की काप पोटात फुगतो, कलम फसतं. अन् तेल्याची बाग असंल तर चाकू काय, सिकेटर काय, हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवल्याशिवाय पुढच्या झाडाला लावू नका.

शेळीचंही तसंच. आपली उस्मानाबादी शेळी जुळी देते, रात्री-अपरात्री विते. नाळ कापायला खिशातला चाकू काढू नका, त्याला दिवसभराची माती, खत, शेण लागलेलं असतं. दहा रुपयांचं नवं ब्लेड, दोरा अन् टिंक्चर आयोडीन गोठ्यात टांगून ठेवा.

पोरांसाठी एक गोष्ट. खंडेनवमीला आम्ही विळा, कुऱ्हाड, टिकाव मांडतो, त्यात यंदा लाटेचे चाकूही मांडले गेले. ठीकंय, हत्यारच आहे. पण त्यातल्या दोघांनी पातं गालाला लावून व्हिडिओ केला. तलवारीनं केक कापला म्हणून गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. २०१६ च्या शस्त्र नियमात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं आलं की ते शस्त्र, घरकामाचं-शेतीकामाचं अवजार सोडून. आपला खिशातला चाकू त्यात बसत नाही. पण सणात, निवडणुकीत मनाई आदेश लागतो, तेव्हा बाजारात, मिरवणुकीत खिसा तपासला तर शेतीकामाचा आहे हे तुमच्या तोंडून कमी अन् तुमच्या व्हिडिओवरून जास्त ठरतं. तुळजापूरला दर्शनाला किंवा तहसीलला जाताना मी चाकू घरी खुंटीवरच ठेवतो.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. त्याला वाईट वाटलं. मी म्हणलं, चाकू टाकला नाही रे, ट्रॅक्टरच्या पेटीत आहे, पोत्याची सुतळी झकास कापतो. घिसाडी यंदा आला की कमानपाट्याच्या तुकड्याचं एकधारी पातं करून घेणार आहे, मूठ बाभळीची मीच घालीन. दोन करायला सांगणार. दुसरं त्या पोराला. त्याचं बोट आता वाकतंय, थंडीत ठणकतं म्हणतो. ऑगस्टात कलमाला येणार आहे.